डेस्क सांभाळताना

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

तारकर्लीच्या 24 खोल्यांच्या रिसॉर्टवर तू फ्रंट ऑफिस मॅनेजर झालीस याचा आम्हाला फार अभिमान वाटतो. आई फोनवर सगळं बोललीच आहे, मी कामाचं लिहितो.

डेस्कवरची बहुतेक भांडणं ‘खोली तयार नाही’ यावरून होतात, आणि आपल्याकडे त्याचं मूळ रेल्वेच्या वेळांत आहे. कोकणकन्येने सकाळी कुडाळला उतरलेलं कुटुंब नऊ-साडेनऊला तुझ्यासमोर येतं आणि तुझं चेक-इन असतं एक वाजता. रविवारी 18 खोल्या सुटणार आणि हाउसकीपिंगला मुलं चारच. सुटलेली खोली नीट लावायला 40 मिनिटं धर. माणशी साडेचार खोल्या, म्हणजे तीन तास. सगळे अकराला निघाले तर शेवटची खोली हाती येते दोनला. म्हणून ‘एकला नक्की देते’ असं सगळ्यांनाच सांगू नकोस.

बुकिंग पक्कं करतानाच विचार, रेल्वेने येणार की गाडीने? सकाळी मुंबईहून गाडीने निघालेले संध्याकाळी पोचतात, शेवटच्या खोल्या त्यांच्या. उद्या पहाटे-सकाळी कोण निघणार हे रात्री जेवणाच्या वेळी विचारून घे आणि त्याच खोल्या रेल्वेवाल्यांच्या नावावर टाक. रात्री नऊपर्यंत हाउसकीपिंगला खोल्यांचा क्रम लिहून दे, नाहीतर मुलं त्यांना सोयीच्या टोकापासून सुरुवात करतात. शिवाय एक न्हाणीघर गरम पाणी, टॉवेल आणि साबणासकट मोकळं ठेव. अंघोळ आणि नाश्ता झालेला माणूस दोनपर्यंत शांत बसतो. पावसाळी वेळापत्रक लागलं की रेल्वेच्या वेळा बदलतात, तेव्हा हा क्रम नव्याने मांड.

हाउसकीपिंगने प्रत्यक्ष दार उघडून केलेली नोंद सकाळ-संध्याकाळ डेस्कवरच्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनशी ताडून बघ. स्क्रीनवर खोली भरलेली आणि आत सामान नाही, तर पाहुणा बिल न देता गेला असण्याची शक्यता आहे. स्क्रीनवर रिकामी आणि आत बॅगा, तर बहुधा खोली बदलून दिली पण कोणी नोंदवली नाही. हे दुसरं जास्त घातक, कारण रात्री तीच खोली आणखी कोणाला तरी दिली जाते आणि नवा पाहुणा चावी घेऊन दुसऱ्याच्या दारात उभा राहतो.

दुहेरी बुकिंगही असंच होतं. शेवटची खोली फोनवर दिली आणि चॅनल मॅनेजरमध्ये (सगळ्या बुकिंग साइटवरच्या खोल्या एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) ती बंद केली नाही, की ती ऑनलाइन विकली जाते. फोन ठेवण्याआधी नोंद, हा नियम सगळ्यांना लाव. तरीही झालंच, तर पाहुणे यायच्या आधीच कोणाला दुसऱ्या हॉटेलात हलवायचं ते ठरव. एका रात्रीपुरते आलेले निवड, म्हातारी माणसं आणि लहान मुलं असलेले नकोत. जवळच तेवढ्याच तोडीची खोली, गाडी आपली, भाड्यातला फरकही आपला.

पावसात वीज आणि नेट एकदमच जातात. दर चार तासांनी तीन कागद छापून ठेव: राहणाऱ्यांची यादी येणे रकमेसह, येणाऱ्यांची यादी, खोल्यांची स्थिती. राउटरला वेगळा यूपीएस हवा, कारण जनरेटर लागेपर्यंत तो बंद पडतो आणि परत जोडायला वेळ घेतो.

दराचं एक लक्षात ठेव. 22 सप्टेंबर 2025 पासून एका रात्रीचं भाडं 7,500 रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी 5 टक्के, त्याहून जास्त असेल तर 18. म्हणजे 7,500 ची खोली पाहुण्याला 7,875 ला पडते आणि 7,600 ची 8,968 ला. डिसेंबरात मालक शंभर रुपये वाढवायला सांगतील तेव्हा हा हिशेब त्यांच्यासमोर ठेव.

गोव्याला जाता जाता एकच रात्र थांबणारा परदेशी पाहुणाही सरकारला कळवायच्या नोंदीतून (पूर्वीचा सी फॉर्म) सुटत नाही. 24 तासांच्या आत माहिती ऑनलाइन भरावी लागते, म्हणून पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत चेक-इनलाच घे. सकाळी तो निघून गेला की व्हिसा नंबर विचारायला कोणी उरत नाही.

आणि गणपती. कोकणात त्या दिवसांत सुट्टी नाकारून उपयोग नाही, आणि नाकारूही नये. महिनाभर आधी प्रत्येकाला विचार, घरचा गणपती किती दिवसांचा? दीड दिवसाचे तिसऱ्या दिवशी परत येऊ शकतात, पाच दिवसांचे आणि गौरीबरोबर विसर्जन करणारे त्यानंतर. ज्यांच्या घरी गणपती बसत नाही त्यांना पहिले दोन दिवस विनंती कर आणि बदल्यात दिवाळीची सुट्टी त्यांना आधी दे. रात्रीच्या पाळीला मात्र एकटं कोणाला बसवू नकोस. रोस्टर झालं की फोटो पाठव, मी बघून ठेवतो.

तुझे,
बाबा