नव्याण्णवच्या टप्प्याने मोजायला शिकवणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

तुमचे आभार चारचौघांत मानायचे आहेत, म्हणून हे जाहीर पत्र. तुम्ही चौथीच्या वर्गात काय करता, ते इतर पालकांनाही कळायला हवं.

माझ्या लेकीला दहापर्यंतचे पाढे तोंडपाठ होते. पण तीन अंकी बेरीज आली की ती हातचा विसरायची आणि वही मिटून ठेवायची. तुम्ही तिला जादा गणितं दिली नाहीत. चौकटीची वही उघडायला लावलीत आणि म्हणालात, "९९ च्या टप्प्याने मोज. शंभर मिळव, एक काढ. आकडे एकाखाली एक लिही."

९९, १९८, २९७, ३९६, ४९५... ती वही माझ्यासमोर आहे. शतकाच्या घरात १, २, ३, ४ असं चढत गेलंय, एककाच्या घरात ९, ८, ७, ६ असं उतरत आलंय आणि दशकाच्या घरात ९ ठाण मांडून बसलाय. ९९० पर्यंत सगळं सुरळीत. पुढे १०८९ आले आणि नऊच्या जागी आठ. "बाई, बिघडलं!" असं ती म्हणाली, तेव्हा तुम्ही तिला फक्त दोन-दोन अंकांच्या जोड्या करायला सांगितल्या. १० आणि ८९. ११ आणि ८८. १२ आणि ८७. प्रत्येक जोडीची बेरीज ९९! मग ती मागे गेली; १९८ म्हणजे ०१ आणि ९८, तिथेही तेच. दर टप्प्याला शंभरांच्या बाजूला एक वाढतो आणि उरलेल्या बाजूचा एक कमी होतो, मग बेरीज बदलेल कशी? हे कारण तिने मला स्वयंपाकघरात उभं करून समजावलं, पोळी तव्यावर असताना.

बाई, मला सर्वांत मोलाचा वाटला तो तुमचा पुढचा प्रश्न: "हे कुठपर्यंत चालेल?" शंभराव्या टप्प्याला ९९००, म्हणजे ९९ आणि ००, अजून ठीक. एकशेएकाव्या टप्प्याला ९९९९ आणि बेरीज एकदम १९८. नक्षी दिसली की मुलं खूश होतात, पण ती कुठे मोडते हे शोधायला लावणारे फार कमी. माझ्या मते खरं गणित तिथेच सुरू होतं.

१२५ च्या टप्प्यांनी तर आमच्या घरात आजीलाही ओढलं. लेक वाचत होती: १२५, २५०, ३७५, ५००, ६२५, ७५०, ८७५, १०००. आजी म्हणाल्या, "अगं, ही तर आमची सवायकी!" आणि सव्वा, अडीच, पावणेचार, पाच, सव्वासहा, साडेसात, पावणेनऊ, दहा असं एका दमात म्हणून दाखवलं. नुसती शंभराची पट. आठ टप्प्यांत हजार पुरे होतात, म्हणून शेवटचे तीन अंक पुन्हा पहिल्यापासून. ३७ चं तिने स्वतः शोधलं. दर तिसऱ्या टप्प्याला १११, २२२, ३३३.

आणि कापरेकर सर! आपल्या नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी चार अंकी वजाबाकीच्या खेळात शेवटी उरणारी ६१७४ ही संख्या जगाला दिली, एवढं मी ऐकून होते. तुम्ही मुलांना त्यातला तीन अंकी खेळ दिलात. ८३१ घ्या. त्याच अंकांची मोठ्यात मोठी आणि लहानात लहान संख्या करा, मग मोठ्यातून छोटी वजा करा: ८३१ वजा १३८, उरले ६९३. पुन्हा अंक लावून ९६३ वजा ३६९, म्हणजे ५९४. ९५४ वजा ४५९, म्हणजे ४९५, आणि पुढे कितीही करा, ४९५ च. लेक ओरडली, "आई, हे सगळे माझ्या ९९ च्या रांगेतले आहेत!" खरंच आहेत. मधला अंक वजाबाकीत उडून जातो आणि पहिल्या-शेवटच्या अंकांतला फरक गुणिले ९९ एवढंच उरतं. तीनही अंक सारखे नसले की उत्तर ९९ च्या टप्प्यांवरच पडणार.

हातचा आता ती विसरत नाही, पण मी त्यासाठी हे पत्र लिहिलेलं नाही. मोठा आकडा दिसला की ती आता वही उघडते, त्यासाठी लिहिलंय. बाई, मनापासून आभार.

सध्या ९९९ चालू आहे. तीन-तीन अंकांचे गट केले की बेरीज ९९९ येते, आणि ही नक्षी १००१ व्या टप्प्याला मोडणार, असं तिने एवढं न मोजताच सांगून टाकलंय. सोमवारी मधल्या सुट्टीत ती वही घेऊन तुमच्याकडे येईल. थोडा वेळ काढाल ना?

आपली कृतज्ञ,
चौथीतल्या एका मुलीची आई