खालच्या सुरांचं नाव सांगणाऱ्या अंकलना

प्रिय अंकल,

हे पत्र फार वर्षांपूर्वी लिहायला हवं होतं. सगळ्यांसमोर लिहितेय, कारण तुम्ही मला सांगितलेली नावं आणखी चार जणांच्या कानावर पडावीत.

तेव्हा मी सोळा वर्षांची होते. कॉलेजच्या ग्रुपमध्ये गिटार वाजवणारे तिघं आधीच होते, खालच्या सुरांची जाड तारांची गिटार, म्हणजे बास, कुणालाच नको होता, म्हणून तो माझ्या गळ्यात पडला. माहीमच्या आपल्या बिल्डिंगमध्ये मी तुमचं दार वाजवलं. पूर्वी तुम्ही स्टुडिओत बास वाजवायचात एवढंच आईला माहीत होतं. तुम्ही मला बास हातात घेऊच दिला नाहीत. टेम्पटेशन्स या अमेरिकन गायकांच्या ग्रुपचं ‘माय गर्ल’ लावलंत आणि माझा तळहात स्पीकरच्या खोक्यावर ठेवलात. आधी एकट्या बासचे ठोके, मग त्यावर पायरी पायरीने चढत जाणारी गिटार. गायक सुरू झाला तशी मी गुणगुणायला लागले. तुम्ही म्हणालात, “गाणारा सोड, बाय. खाली कोण चाललाय ते बघ.”

मी कव्हर उलटसुलट करून पाहिलं. गायकांची नावं होती, कंपनीचं होतं. वाजवणाऱ्यांचं एकही नव्हतं.

“जेम्स जेमरसन,” तुम्ही म्हणालात. घरातल्या थोरल्या माणसाचं नाव घ्यावं तसं. “गिटारवर रॉबर्ट व्हाइट. वर व्हायोलिनं येतात ना, ती पॉल रायझरने लिहिलीत. वाजवणारे डेट्रॉइटच्या सिंफनीतले.”

त्या दुपारपासून तुमच्या घरी मी बास कमी आणि माणसं जास्त शिकले. डेट्रॉइट, २६४८ वेस्ट ग्रँड बुलेव्हार्ड हा ‘माय गर्ल’ काढणाऱ्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचा तेव्हाचा पत्ता मला आजही पाठ आहे. बेरी गॉर्डींनी घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेऊन १९५९ साली ती काढली. त्या पत्त्यावरच्या घरातल्या स्टुडिओला वादक ‘स्नेकपिट’ म्हणायचे, कारण छतावरून वायरी सापांसारख्या लोंबायच्या. रात्री क्लबात जॅझ वाजवणारी ही मंडळी, आपसात नाव ‘फंक ब्रदर्स’. पियानोवर अर्ल व्हॅन डाइक, ड्रमवर बेनी बेंजामिन, खंजिरीवर जॅक अॅशफर्ड. सुरुवातीच्या वर्षांत एका गाण्याचे दहा डॉलर मिळायचे. गाणी जगभर वाजली, पण वाजवणारे आपल्याच गल्लीबाहेर अनोळखी राहिले.

जेमरसनचं एक बोट तुम्ही मला दाखवलंत, अंकल. तो शाळेत उभा डबल बास शिकला होता. पुढे फेंडर प्रिसिजन हा इलेक्ट्रिक बास हातात आला तरी एकट्या तर्जनीनेच तारा ओढत राहिला. त्या बोटाला सगळे ‘हुक’ म्हणत. तारा तुटल्याशिवाय बदलायच्या नाहीत, आणि तारा टेकतात त्या ब्रिजच्या झाकणाखाली स्पंजचा तुकडा, म्हणजे सूर उगाच लांबत नाही. तुम्ही भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा कापून माझ्या बासला लावलात. पहिला सूर वाजवला आणि मला हसू आलं, इतका तो गोल आणि जवळचा वाटला. तो तुकडा मी अजून बदललेला नाही.

मग मोटाउनचा गायक मार्विन गेची १९७१ ची ती रेकॉर्ड, ‘व्हॉट्स गोइंग ऑन’. मोटाउनच्या अल्बमवर वादकांची नावं पहिल्यांदा छापली गेली ती तिच्यावर. तुम्ही कव्हर माझ्यापासून लपवलंत आणि सांगितलंत, “सगळी ऐक, आणि बास दुसऱ्याच्या हातात कुठे गेला ते सांग.” तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी शेवटच्या गाण्यावर बोट ठेवलं. तो बॉब बॅबिट होता. तुम्ही उठून मला मिठी मारलीत. मला मिळालेल्या कुठल्याही सर्टिफिकेटची सर त्या मिठीला नाही. मगच कव्हर उघडून दाखवलंत. तिथे अरेंजर, म्हणजे सगळ्या वाद्यांचे सूर लिहून देणाऱ्या, डेव्हिड व्हॅन डिपिटचंही नाव होतं.

पुढचं सांगताना मात्र तुमचा आवाज बदलायचा. १९७२ मध्ये कंपनी लॉस एंजेलिसला गेली आणि वादकांना ते कळलं स्टुडिओच्या दारावरच्या चिठ्ठीवरून. १९८३ मध्ये ‘मोटाउन २५’ नावाचा मोठा सोहळा झाला. जेमरसनला बोलावणं नव्हतं. तो दलालाकडून तिकीट घेऊन वर बाल्कनीत बसला. त्याच वर्षी २ ऑगस्टला तो गेला, अवघा ४७ वर्षांचा. त्याचा तो बास मरणाच्या काही दिवस आधी चोरीला गेला होता.

अॅलन स्लट्स्की नावाच्या फिलाडेल्फियाच्या गिटारिस्टने हे सगळं खणून काढलं नसतं तर तुम्हालाही कळलं नसतं, असं तुम्हीच म्हणायचात. जेमरसनच्या घरच्यांना आणि साथीदारांना भेटून, त्याचे सूर कागदावर उतरवून त्यांनी १९८९ मध्ये पुस्तक काढलं. पुढे २००२ मध्ये त्यावर माहितीपट आला. त्यात स्लट्स्कींची एक आठवण आहे. रॉबर्ट व्हाइटबरोबर ते हॉटेलात जेवायला बसले असताना ‘माय गर्ल’ लागलं. व्हाइट वेटरला सांगायला गेला, हे मी वाजवलंय, आणि मध्येच थांबला. हा म्हातारा वेडा आहे असं त्या पोराला वाटेल, म्हणून.

ते पाहिलं त्या रात्री मला झोप लागली नाही. मला स्टेशनजवळचा इराणी आठवला. आपण ब्रून मस्का खात होतो, मालकाच्या रेडिओवर जुनं हिंदी गाणं लागलं, आणि तुमची बोटं टेबलाच्या कडेवर चालायला लागली. एकही ठोका चुकला नाही. मी विचारलं, “अंकल, हे तुम्ही वाजवलंय?” तुम्ही पाव चहात बुडवलात. “जाऊ दे गो, जुनं झालं ते.” आणि मी जाऊ दिलं! जेमरसनसाठी तीन रविवार कान लावून बसणारी मी, समोर बसलेल्या माणसाला दुसऱ्यांदा विचारलंसुद्धा नाही.

आपल्याकडेही संगीतकाराचं नाव पडद्यावर ठळक यायचं आणि सगळ्या वाद्यांची पानं लिहिणारे फार तर ‘सहायक’ असायचे. सबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही नावं निदान आता घेतली जातात. त्यांच्यासमोर स्टँडवर पानं ठेवून वाजवणाऱ्यांत तुम्ही होतात, अंकल. कुठल्या गाण्यांत होतात ते फक्त तुम्हाला माहीत आहे.

तुम्ही मला ऐकायला शिकवलंत, त्याबद्दल मनापासून आभार. त्या स्पंजबद्दल, त्या मिठीबद्दल, आणि प्रत्येक वेळी पूर्ण नाव घेतल्याबद्दल.

रविवारी चार वाजता येते. दोनशे पानी वही आणलीय. पहिल्या पानावर तुमचं नाव लिहून झालंय. खाली गाणी तुम्ही सांगायची, आणि शेजारी कोण कोण बसलं होतं तेही.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची बाय