जतची कन्नड माणसे आपलीच

सांगली जिल्ह्यातल्या, कर्नाटक सीमेवरच्या जत तालुक्याच्या पूर्व भागात घरात कन्नड आणि तहसील कचेरीत मराठी बोलणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. गुड्डापूरच्या दानम्मादेवीला दोन्ही भाषांतून नवस बोलले जातात, सोयरिकीही सीमेपलीकडे होतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी जतमधील ४० गावे कर्नाटकात घेण्याचा विषय काढला, तेव्हा मात्र या लोकांकडेच संशयाने पाहिले गेले. हे मनाला लागते. त्यांचे गाऱ्हाणे पाण्याचे होते, म्हैसाळ योजनेचे पाणी आमच्या शिवारात कधी येणार एवढेच ते विचारत होते. भाषा वेगळी म्हणून तो प्रश्न फितुरीचा ठरला.

बेळगावात मराठी शाळा टिकाव्यात, कागदपत्रे मराठीत मिळावीत, असे आपण ठामपणे म्हणतो. ते रास्तच आहे. मग जतमधल्या उमदी-संख या गावांना वेगळा न्याय का? राज्यघटनेचे कलम ३५०-अ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करायला सांगते. जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळांत कन्नड येणारेच शिक्षक नेमावेत, आणि मराठीही तिथे आपुलकीने शिकवावी, धाकाने नव्हे.

त्याहून निकडीचे आरोग्य केंद्रांचे. ज्या आजीला आपले दुखणे फक्त कन्नडमध्ये सांगता येते, तिला समजून घेणारी परिचारिका समोर हवी. पीकविमा, रेशन, लसीकरण यांच्या सूचनाही या गावांत दोन्ही भाषांत लावाव्यात. जिल्हा प्रशासनाने मनावर घेतले तर हे याच वर्षी होऊ शकते.

– एक वाचक, मिरज (जि. सांगली)