अपग्रेड सल्लागाराने सुचवलेले ग्राफिक्स कार्ड परत घेण्यास नकार दिल्याबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: चुकीच्या शिफारशीवरून झालेली खरेदी परत घेऊन पूर्ण रक्कम मिळण्याबाबत

महोदय/महोदया,

तुमच्या संकेतस्थळावरच्या ‘अपग्रेड सल्लागारा’ने, म्हणजे माहिती भरून घेऊन सुटे भाग सुचवणाऱ्या फॉर्मने, सुचवलेले ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरचे चित्र तयार करणारा भाग) आणि एसएसडी (डेटा साठवणारी वेगवान डिस्क) मी तुमच्याकडून घेतली. दोन्ही वस्तू धडधाकट पोचल्या, दोन्ही चालू आहेत. हे आधीच सांगून टाकतो, कारण वस्तूत दोष नसल्याने ती परत घेता येत नाही, हे एकच वाक्य तुमच्या प्रतिनिधींनी मला आलटून पालटून पाठवले आहे. माझी तक्रार तुमच्या शिफारशीबद्दल आहे. माझ्या संगणकाची माहिती तुम्ही विचारलीत, मी ती बिनचूक दिली, आणि ती हातात असूनही तुम्ही मला या मशीनला न मानवणारे कार्ड विकलेत.

माझे मशीन असे: रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, डीडीआर४ रॅमची ८ जीबीची एकच स्टिक, ४ जीबीचे जीटीएक्स १०५० टीआय कार्ड, ४५० वॉटचा पॉवर सप्लाय आणि १०८०पी, ६० हर्ट्झचा मॉनिटर. नवे गेम अडखळायला लागले म्हणून कार्ड बदलायचे ठरवले. सल्लागाराने प्रोसेसर, बोर्ड, रॅम आणि सध्याचे कार्ड विचारले. ‘खेळताना रेकॉर्डिंग करता का?’ असाही प्रश्न होता. त्याला मी ‘हो, नेहमी’ हे उत्तर निवडले, कारण धाकट्या बहिणीला आपले सामने रेकॉर्ड करून मैत्रिणींना दाखवायची भारी हौस आहे. त्यावर हिरवी खूण आली, ‘तुमच्या मशीनशी १०० टक्के सुसंगत’ असा शिक्का आला आणि खाली शिफारस: रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी, ४ जीबी. सोबत ‘अधिक फ्रेम रेटसाठी’, म्हणजे सेकंदाला जास्त चित्रे दिसावीत म्हणून, चौथ्या पिढीची एनव्हीएमई एसएसडी.

जानेवारी २०२२मध्ये बाजारात आलेले हे कार्ड दिसायला स्लॉटभर लांब असले, तरी पीसीआय एक्सप्रेसच्या, म्हणजे कार्ड आणि मशीन यांना जोडणाऱ्या डेटाच्या रस्त्याच्या, फक्त चार लेन (मार्गिका) वापरते. निर्मात्याने ही गोष्ट लपवलेली नाही. तांत्रिक माहितीत ती स्पष्ट छापलेली आहे. पीसीआय एक्सप्रेस ४.० (या रस्त्याची चौथी पिढी) असलेल्या मशीनवर चार लेनमधून सेकंदाला सुमारे ८ जीबी डेटा जातो आणि तिथे काम निभावते. पण बी४५० आणि रायझन ५ २६०० ही जोडी ३.० वर, म्हणजे आधीच्या पिढीवर, चालते. तिथे चार लेन म्हणजे सेकंदाला जेमतेम ४ जीबी. माझे जुने १०५० टीआय याच स्लॉटमध्ये सोळा लेन वापरत होते, म्हणजे सुमारे १६ जीबी. ‘अपग्रेड’ म्हणून तुम्ही दिलेल्या कार्डाचा उरलेल्या मशीनशी संबंध जुन्या कार्डाच्या एकचतुर्थांश वेगाने चालतो. बोर्डाचे मॉडेल तुमच्या फॉर्ममध्ये भरलेले होते. ते विचारून तुम्ही त्याचे केलेत काय?

लेनचा हिशेब कागदोपत्री असतो, खेळताना जाणवत नाही, असे तुमच्या एका प्रतिनिधीने फोनवर सांगितले. गेमचा सगळा डेटा कार्डाच्या ४ जीबी मेमरीत मावतो तोवर त्याचे म्हणणे बरोबर आहे. हल्लीच्या गेममध्ये टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रे) ‘हाय’वर नेले की तो मावत नाही. उरलेला डेटा मशीनच्या मुख्य रॅममध्ये ठेवून लागेल तसा बसवरून, म्हणजे याच लेनमधून, ओढावा लागतो. कार्डावरच्या मेमरीचा वेग सेकंदाला १४४ जीबी आणि या बसचा ४. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर एका फ्रेमला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्या वेळात या बसमधून ६५ एमबीच्या आसपास डेटा येऊ शकतो, तोही दुसरे काहीच चालू नसेल तर. त्याहून जास्त लागला की फ्रेम उशिरा येते आणि चित्र झटका खाते. त्यात तो डेटा जाऊन बसतो कुठे, तर माझ्या ८ जीबीच्या एकुलत्या एका स्टिकमध्ये, जिथे विंडोज आणि गेम आधीच दाटीवाटीने बसलेले आहेत.

मी हे नुसत्या अंदाजाने लिहीत नाही. एकच गेम, एकच प्रसंग, तीच सेटिंग. फक्त टेक्स्चर बदलत दोन्ही कार्डांवर नोंदी केल्या. टेक्स्चर ‘लो’वर ठेवले तर नवे कार्ड जुन्यापेक्षा सरळसरळ पुढे आहे, हे मी मान्य करतो. ‘हाय’वर सरासरी फ्रेम रेट अजूनही बरा दिसतो, पण सर्वात मंद एक टक्का फ्रेमचा आकडा पार कोसळतो आणि खेळणाऱ्याला जाणवतो तो नेमका हाच. कोपऱ्यावरून गाडी वळवताना चित्र थबकते, पुढच्या क्षणी गाडी भिंतीत. तुमच्या प्रतिनिधीने ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) पुसून पुन्हा टाकायला सांगितले, टाकला. बायॉस (बोर्डावरचे मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करायला सांगितले, केले. जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये बसचा तपशील चार लेन, ३.० असाच दिसतो आणि तो तसाच दिसणार. ड्रायव्हर बदलून लेन वाढत नाहीत, हे तांत्रिक मदत कक्षाला ठाऊक असायला हवे.

आता रेकॉर्डिंग. या मुद्द्यावर मला सर्वात जास्त राग आहे, कारण इथे तर कसला हिशेबही करायचा नव्हता. जुन्या १०५० टीआयमध्ये एन्व्हेंक हा व्हिडिओ एन्कोडर होता. खेळ चालू असताना व्हिडिओ तयार करण्याचे काम तो स्वतंत्रपणे करायचा. प्रोसेसरवर त्याचा जवळजवळ भार नसायचा. आरएक्स ६५०० एक्सटीमध्ये एच.२६४ आणि एचईव्हीसी या व्हिडिओ प्रकारांचा हार्डवेअर एन्कोडरच नाही. बहिणीने ओबीएस हा रेकॉर्डिंगचा प्रोग्राम उघडला तेव्हा तो पर्याय यादीतून गायब होता. आता हे काम प्रोसेसरने करायचे, म्हणजे गेमला लागणारे तेच सहा कोअर एन्कोडिंगलाही पुरवायचे. तिने तसे करून पाहिले. गेमही रखडला आणि व्हिडिओही. नव्या कार्डाने आमच्याकडे आधी असलेली सोय काढून घेतली. ‘हो, नेहमी’ हे उत्तर मी तुम्हाला आधीच दिले होते.

एसएसडीबद्दल थोडक्यात. चौथ्या पिढीची ती एसएसडीसुद्धा माझ्या बोर्डावर ३.० च्याच वेगाने चालते. त्याचे मला फारसे दुःख नाही. विंडोज पटकन सुरू होते, गेम लोड व्हायला कमी वेळ लागतो. आक्षेप तुमच्या ‘अधिक फ्रेम रेटसाठी’ या शब्दांना आहे. गेम एकदा लोड झाला की फ्रेम तयार करण्याचे काम प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाचे. हार्ड डिस्कवरून एसएसडीवर आल्याने मोठ्या नकाशांवर मधूनच बसणारे हिसके कमी होऊ शकतात, पण सरासरी फ्रेम रेट वाढण्याची आशा ग्राहकाला दाखवू नये.

आणि जे सुचवायला हवे होते, त्याचे सल्लागाराने नावही काढले नाही. रॅमच्या रकान्यात मी ‘८ जीबी, १ स्टिक’ असे लिहिले होते. एका स्टिकवर मेमरीचा एकच चॅनल चालतो; २६६६ वेगाच्या डीडीआर४ला सेकंदाला सुमारे २१ जीबी. तशीच दुसरी स्टिक योग्य स्लॉटमध्ये लावली की दोन चॅनल मिळून ती मर्यादा दुप्पट होते आणि क्षमताही १६ जीबी. रायझनला याचा फायदा चांगलाच होतो. सगळ्यात कमी खर्चाची आणि सगळ्यात कमी धोक्याची सुधारणा हीच होती. सल्लागाराने त्या रकान्यापुढे ‘पुरेशी’ असे लिहून तो विषय मिटवला.

कार्डाचेही तेच. तुमच्याच यादीत रेडिऑन आरएक्स ६६०० होते: ८ जीबी मेमरी, आठ लेन, आत व्हिडिओ एन्कोडर. ३.० च्या बोर्डावरही त्याचे फारसे बिघडत नाही, कारण आठ लेन आहेत आणि मुळात ८ जीबीमुळे बसकडे धाव घ्यायची वेळ कमी येते. ते थोडे महाग आहे, कबूल. पण मग दोन्ही पर्याय समोर ठेवून फरक सांगायचा होता. पैसे कशावर घालायचे ते मी ठरवले असते. पॉवर सप्लायबद्दल तर तुम्ही काहीच विचारले नाही. १०५० टीआयला बहुधा वेगळी वायर लागत नाही, स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॉटवर ते चालते. नव्या कार्डाला सहा पिनांची वायर लागते. माझ्या पॉवर सप्लायला ती होती हे नशीब. नसती तर तुमचे ते १०० टक्के खोक्यातच राहिले असते.

यापुढचा प्रकार मी मुद्दाम सविस्तर लिहितो, कारण तो तुमच्या वरिष्ठांपर्यंत पोचला असेल असे मला वाटत नाही. तक्रार केल्यावर तुमच्या प्रतिनिधीचे लेखी उत्तर आले: ‘बी५५० मदरबोर्ड घ्या, कार्ड पूर्ण क्षमतेने चालेल.’ बी५५० बोर्डावर रायझन ५ २६०० अधिकृतपणे चालतच नाही. तो चिपसेट रायझन ३००० मालिकेपासून पुढच्या प्रोसेसरांसाठी आहे. हे मी कळवले, तर दुसऱ्या उत्तरात प्रोसेसरही सुचवण्यात आला, रायझन ५ ५५००. आता गंमत बघा. रायझन ५ ५५०० हा प्रोसेसर स्वतःच पीसीआय एक्सप्रेस ३.० पर्यंत जातो. तो बी५५०वर बसवला तरी ग्राफिक्स कार्डाच्या स्लॉटला ३.० च मिळते. म्हणजे तुमच्या सांगण्यावरून मी नवा बोर्ड घेतला असता, नवा प्रोसेसर घेतला असता, सगळे मशीन उघडून पुन्हा जोडले असते, आणि कार्ड त्याच चार लेनवर, त्याच वेगाने चालले असते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, आणि मसाल्यालाही चव नाही. प्रोसेसर बदलायचाच झाला, तर बायॉस अद्ययावत केल्यावर माझ्या सध्याच्या बी४५०वरच रायझन ५ ५६०० बसतो. ते सुचवले असते तर बोर्ड विकला गेला नसता, एवढाच काय तो फरक.

परत घेण्याच्या नियमाकडे वळतो. ‘खोका उघडलेला असल्यास आणि उत्पादनात दोष नसल्यास परतावा नाही’ हा तुमचा नियम मी वाचला आहे. ग्राहकाने स्वतःच्या मनाने काही उचलले असेल, तर तो नियम समजू शकतो. इथे निवड तुमच्या सल्लागाराने केली आहे. कार्ड माझ्या मशीनवर कसे चालते, हे खोका न उघडता कळण्याचा मार्ग मला तरी माहीत नाही. सल्ला तुमचा, खात्रीचा शिक्का तुमचा आणि चुकल्यावर जबाबदारी माझी, ही वाटणी मला मान्य नाही.

माझे म्हणणे असे आहे. कार्ड आणि एसएसडी दोन्ही तुमच्या खर्चाने परत न्यावीत आणि पूर्ण रक्कम द्यावी. पॅकिंग, वायरी, कागदपत्रे सगळे जपून ठेवलेले आहे. एसएसडी ठेवण्यास माझी हरकत नाही, पण तसे झाल्यास तुमच्या पानावरचा फ्रेम रेटचा दावा काढल्याचे मला लेखी कळवावे. कार्डाच्या बाबतीत मात्र तडजोड करणार नाही. त्याऐवजी दुसरे कार्ड घेण्यासाठी तुमचे कूपन मला नको, रक्कमच हवी. पुढचे कार्ड कुठून घ्यायचे ते माझे मी पाहीन.

सल्लागार चालू ठेवणार असाल, तर कार्डापुढे त्याच्या लेन आणि पिढी दाखवा, ग्राहकाच्या बोर्डावर आणि प्रोसेसरवर ती किती उरते तेही दाखवा. पॉवर सप्लायच्या वायरी आणि मॉनिटर विचारा. हे प्रश्न वाढवल्याने फॉर्म फार तर पानभर लांबेल. आणि विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर निकालात वापरले जात नसेल, तर तो प्रश्न विचारूच नका.

सल्लागाराच्या निकालाचा स्क्रीनशॉट, मी भरलेल्या उत्तरांची प्रत, दोन्ही कार्डांवरच्या नोंदी आणि बी५५०, रायझन ५ ५५०० सुचवणारे तुमचे दोन्ही ईमेल या पत्राला जोडले आहेत. खरेदीचा क्रमांक ईमेलच्या विषयात आहे. उत्तर लेखी द्यावे, आणि ते देणाऱ्या व्यक्तीने वरची माहिती स्वतः तपासलेली असावी. ‘ड्रायव्हर पुन्हा टाकून पाहा’ असे उत्तर आल्यास ही तक्रार न सोडवताच बंद केली असे मी समजेन आणि ग्राहक म्हणून पुढे जे मार्ग मला खुले आहेत ते वापरेन.

आपला,
एक ग्राहक