रोही मारायची परवानगी आहे, पण कोणत्या गोळीने?

प्रति,
मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या पंधरवड्यात आपल्या जिल्हा पानावर रोही (नीलगाय) आणि रानडुकरांनी तुरीत व हरभऱ्यात घातलेल्या धुडगुसाची बातमी आली आणि तिच्यामागोमाग वाचकांची तीन-चार पत्रेही आली. परवानगी वेळेत मिळत नाही ही तक्रार सगळ्यांचीच होती आणि ती रास्त आहे. दोन वर्षांपूर्वी शेंगा भरण्याच्या वेळी माझी स्वतःची चार एकर तूर दोन रात्रींत आडवी झाली होती, त्यामुळे त्या तक्रारदारांत मलाही धरा. मात्र शेतकऱ्याच्या हाती जास्त वेगाची, लांब पल्ल्याची रायफल दिली की प्रश्न मिटला, असे जे एका पत्रलेखकांनी लिहिले आहे, ते वाचून मला लिहिणे भाग पडले. मी पशुवैद्यक म्हणून चौतीस वर्षे सरकारी नोकरी केली. मेलेल्या वन्यप्राण्याच्या शवविच्छेदनासाठी वनखात्याचा निरोप आम्हालाच येतो आणि त्या निमित्ताने गोळी लागून मेलेली बरीच रोही व डुकरे मी उघडून पाहिली आहेत. जनावर जागेवर पडणार की चार दिवस कुजत मरणार, हे त्याच्यात शिरलेल्या गोळीची बांधणी कशी आहे यावर ठरते, आणि आपल्याकडची चर्चा मात्र बंदुकीच्या पुढे जातच नाही.

गैरसमज नको म्हणून आधीच लिहून ठेवतो. आपल्या बोलण्यात काळवीट, चिंकारा, चितळ आणि कधीकधी रोहीसुद्धा 'हरीण' या एकाच शब्दात मोडतात. शास्त्राच्या दृष्टीने चितळ आणि सांबर ही खरी हरणे, कारण त्यांची शिंगे गळतात आणि पुन्हा येतात. काळवीट, चिंकारा आणि रोही हे कुरंग, त्यांची शिंगे जन्मभराची. कायद्याला या फरकाशी देणेघेणे नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात १९९१ साली दुरुस्ती झाली आणि हौसेची शिकार सरसकट बंद झाली. काळवीट आणि चिंकारा पहिल्या अनुसूचीत आहेत आणि बीड-धाराशिवकडच्या माळांवर त्यांचे कळप ज्वारीत शिरत असले, तरी पिकाच्या नुकसानीपायी त्यांच्यावर गोळी झाडण्याची परवानगी कोणालाही मिळत नाही. रोही आणि रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत येतात, कलम ११ खाली उभ्या पिकाला धोकादायक ठरलेले जनावर मारण्याची परवानगी देता येते आणि महाराष्ट्रात २०१५ साली त्यासाठी स्वतंत्र शासन निर्णयही झाला. पुढे जे लिहितो आहे ते या दोन प्राण्यांपुरते आणि हातात परवानगीचा कागद असलेल्यांपुरतेच आहे.

आपल्या भागातल्या परवानाधारकांकडे बहुधा दोनच हत्यारे असतात: बारा बोअर, म्हणजे छर्ऱ्याची बंदूक, किंवा सरकारी आयुध निर्माणीची '३१५' रायफल. या ३१५ चा जन्म कसा झाला हे फार थोड्यांना माहीत असते. ३०३ ही लष्कराची रायफल असल्यामुळे ती सामान्य माणसाला वर्ज्य ठरली आणि नागरी वापरासाठी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या जुन्या फौजेचे आठ मिलिमीटर मॅनलिकर काडतूस पुढे आले, जे १८९० च्या दशकातले आहे. त्यातली गोळी २४४ ग्रेनची, म्हणजे जवळजवळ सोळा ग्रॅमची, बोथट नाकाची आणि नळीतून निघताना सेकंदाला साधारण दोन हजार फूट वेगाची. आजकालच्या कित्येक रायफलींत हाच वेग तीन हजारांच्या घरात असतो. तेव्हा आपल्या पत्रलेखकांना ३१५ मंद वाटली तर त्यात नवल नाही. माझे म्हणणे एवढेच, की मंद रायफलीला त्या वेगासाठी घडवलेली गोळी घातली तर शंभर पावलांच्या आत ती कोणत्याही वेगवान रायफलीइतकेच चोख काम करते.

मध्यम वेगाच्या काडतुसाने हरणे मारण्याचा सगळ्यात दांडगा अनुभव अमेरिकेत आहे. तिथे शिकार कायदेशीर आहे, हंगाम ठरलेले आहेत आणि १८९५ साली बाजारात आलेले '३०-३० विंचेस्टर' हे काडतूस पांढऱ्या शेपटीच्या हरणासाठी आजही सर्रास वापरले जाते. त्यातली १७० ग्रेनची गोळी निघते बावीसशे फुटांनी, शंभर यार्डांवर एकोणीसशेला येते आणि दोनशे यार्डांवर सोळाशेच्या आसपास उरते. नेम शंभरावर बसवला असेल तर दोनशेवर ती वीतभर खाली लागते. तिथल्या जाणत्या शिकाऱ्यांनी यातून जे धडे घेतले त्यांतला पहिला अंतराचा: दीडशे यार्डांपलीकडे घोडा ओढायचा नाही. दुसरा गोळीच्या बांधणीचा आहे आणि माझ्या मते तोच मोठा.

शिकारीची गोळी म्हणजे आत शिसे आणि वर तांब्याच्या मिश्रधातूचे आवरण. लष्करी गोळीत हे आवरण नाकावरूनही पूर्ण ओढलेले असते. 'सॉफ्ट नोज' गोळीत नाकाशी शिसे उघडे ठेवलेले असते, जेणेकरून ते मांसात शिरताच चपटे होऊन अळंबीसारखे फुलावे. हे फुलणे आपोआप होत नाही. आवरण किती जाड, शिसे किती कठीण आणि टोक किती उघडे, हे सगळे कारखान्यात एका ठरावीक वेगासाठी जुळवलेले असते. तीन हजार फुटांच्या मॅग्नम काडतुसासाठी बांधलेली जाड आवरणाची गोळी सोळाशे-सतराशे फुटांनी जनावरावर आदळली तर ती फुलतच नाही, सुई टोचावी तशी आरपार निघून जाते. उलट ३०-३० साठी केलेली पातळ आवरणाची गोळी मॅग्नममधून सोडली तर खांद्याच्या हाडावरच तिचा चुरा होतो आणि फुप्फुसापर्यंत काहीच पोहोचत नाही. सबंध तांब्याच्या बिनशिशाच्या गोळ्या आता तिकडे आल्या आहेत (कॅलिफोर्नियात २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालतच नाही), परंतु तांबे शिशाइतके लवकर चपटे होत नाही, म्हणून मध्यम वेगाला त्यांतलीही मुद्दाम कमी वेगासाठी घडवलेलीच निवडावी लागते. ज्या रायफलीत काडतुसे नळीसारख्या मॅगझिनमध्ये एकामागे एक बसतात तिला चपट्या नाकाचीच गोळी हवी, कारण टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या टोपीवर टेकून धक्क्याने बार उडू शकतो. आपल्या बोल्टच्या ३१५ ला ती अडचण नाही.

मध्यम वेगात ही निवड इतकी महत्त्वाची का, हे मी मेजावर पाहिले आहे. अतिवेगवान गोळी आपल्या वाटेच्या भोवतालचे मांसही धक्क्याने फाडते. दोन हजार फुटांच्या गोळीकडून तसे फारसे होत नाही; ती जितक्या रुंदीची वाट पाडते, जवळजवळ तेवढेच काम होते. म्हणजे इथे रुंदी फुलण्यातून यावी लागते आणि खोली वजनातून. आपली २४४ ग्रेनची गोळी तिच्या जाडीच्या मानाने चांगली वजनदार आहे, फुलल्यावरही ती आत जात राहते, आणि प्रौढ नर डुकराच्या खांद्यावर जे कूर्चेसारखे चिवट कवच असते, ज्यावर शवविच्छेदनाची सुरीसुद्धा अडते, तेही ती ओलांडते.

तीन जनावरे मला विशेष आठवतात. पहिले होते रोहीचा एक प्रौढ नर, निळसर करड्या अंगाचा, पडक्या विहिरीच्या कडेला तुरीत बसलेल्या अवस्थेत मेलेला. वास इतका होता की गडी जवळ यायला तयार नव्हते. बारा बोअरमधून एलजीचा, म्हणजे मोठ्या छर्ऱ्यांचा, बार टाकलेला होता. त्या काडतुसात सहाच छर्रे असतात आणि पंचवीस-तीस पावलांपलीकडे ते फाकतात. त्यांतले दोन मागच्या फऱ्यात, एक पोटात, बाकीचे कुठेच नाहीत. पोटातल्या छर्ऱ्याने आतडे फोडले होते, आत सगळा पू झाला होता आणि फऱ्यातल्या जखमेत अळ्यांचे जे थर होते त्यांवरून बार पडून पाच-सहा दिवस तरी लोटले असावेत असा मी अंदाज बांधला. पाण्याच्या आशेने ते विहिरीपर्यंत आले होते. दुसरी मादी होती. तिला गोळी अगदी योग्य जागी, पुढच्या पायाच्या मागे लागली होती, पण ती पूर्ण आवरणाची होती. दोन्ही बाजूंना करंगळीही जाणार नाही एवढी भोके आणि फुप्फुसात पेन्सिलीएवढी वाट. एवढ्या जखमेनिशी ती दोन शिवारे ओलांडून उसात शिरली होती आणि तिचा मागही कोणाला लागला नव्हता, कारण बारीक भोकातून रक्त बाहेर सांडतच नाही. गोळी तिच्यातून निघून पुढे कुठे गेली हे तर कोणालाच सांगता आले नाही. त्या दिशेला दोन आखाडे (शेतातल्या वस्त्या) आहेत आणि राखणीच्या दिवसांत तिथे माणसे उघड्यावर झोपतात.

तिसरे डुक्कर. ३१५, सॉफ्ट नोज, साधारण साठ पावलांवरून. ते धावले ते जेमतेम चाळीस पावले. कवच फुटलेले, एक बरगडी तुटलेली, दोन्ही फुप्फुसांतून लिंबाएवढ्या रुंदीची वाट, आणि गोळी पलीकडच्या कातडीखाली अडकलेली. बोटांनी चाचपल्यावर ती कातडीखाली खड्यासारखी हाताला लागली. काढून धुतली तेव्हा शिसे चारी अंगांनी मागे वळलेले आणि आवरणाच्या पाकळ्या झालेल्या होत्या. पंचनाम्यासोबत ती मोहोरबंद करून दिली, पण तिचे चित्र माझ्या वहीत अजून आहे.

या फुलणाऱ्या गोळीबद्दल एक ऐकीव आक्षेप नेहमी येतो, की ती क्रूर आहे, युद्धातसुद्धा तिच्यावर बंदी आहे. बंदी आहे हे खरे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कलकत्त्याजवळच्या डमडम येथील कारखान्यात ३०३ साठी अशी गोळी तयार झाली, तिच्यावरून 'डमडम' हे नाव जगभर रूढ झाले आणि १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने ती युद्धातून हद्दपार केली. पण युद्धातल्या जखमी सैनिकाला उचलून नेणारे कोणी असते. तुरीतल्या रोहीला नसते. म्हणूनच इंग्लंडच्या १९९१ च्या हरीणविषयक कायद्यात गोष्ट नेमकी उलटी आहे: तिथे हरणावर रायफल चालवायची तर गोळी मऊ किंवा पोकळ नाकाचीच असावी लागते, एक-दोन लहान जाती वगळता रायफलीचा व्यास ०.२४० इंचापेक्षा कमी चालत नाही आणि नळीच्या तोंडाशी ऊर्जा किमान १,७०० फूट-पौंड असावी लागते. माझ्या हिशेबाने आपली ३१५ दोन हजारांच्या पुढे जाते. रायफल पुरेशी आहे.

रोहीच्या बाबतीत मात्र मी थोडे अधिक सावध राहीन. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आपले रोही टेक्सासच्या एका मोठ्या कुरणात नेऊन सोडले गेले, तिथे ते वाढले, आणि तिथले शिकारी त्याला अतिशय चिवट जनावर मानतात. हरणाला पुरणारे काडतूस रोहीला अपुरे पडते असे ते सांगतात. प्रौढ नर दोन क्विंटलच्या पुढे जातो, मानेची व खांद्याची कातडी जाड असते. तेव्हा रोहीवर ३१५ चालवायची तर पन्नास-साठ पावलांच्या आत, जनावर आडवे उभे असताना, पुढच्या पायाच्या लगत मागे, आणि दिवसाउजेडी. पळत्या कळपावर कधीच नाही.

आता कागदाकडे येतो. गेल्या वर्षी शेजाऱ्याला मिळालेला परवानगीचा कागद मी स्वतः वाचला. गट नंबर होता, मुदत होती, प्राण्यांची संख्या होती, मृत जनावर वनखात्याच्या ताब्यात देण्याची अट होती. गोळीबद्दल एक अक्षर नव्हते. शेजाऱ्याकडे वडिलांच्या वेळची काडतुसे होती, पितळ हिरवे पडलेले. त्यांतली दोन फुसकी निघाली आणि तिसरीने नुसती शेपटीची बाजू खरचटली. ती सॉफ्ट नोज होती की पूर्ण आवरणाची, हे त्यालाही ठाऊक नव्हते. त्याला मी दोष देत नाही, कारण त्याला ते कोणी सांगितलेलेच नाही.

परवानगीच्या नमुन्यात म्हणून तीन अटी वाढवाव्यात, अशी आपल्या दैनिकामार्फत वनखात्याला माझी विनंती आहे. रायफल असेल तर गोळी सॉफ्ट नोजच असावी आणि काडतुसाच्या डब्याची नोंद अर्जासोबत घ्यावी; रोहीवर छर्ऱ्याचा बार बंद करावा; आणि अंतराची कमाल मर्यादा पावलांत लिहावी, कारण शेतात यार्ड कोणी मोजत नाही. याला पैसा लागत नाही, नवी रायफलही लागत नाही. तुरीला फुले येऊ लागली आहेत आणि अर्ज आता सुरू होतील, तेव्हा हे याच हंगामात करता येण्यासारखे आहे.

आपला,
एक निवृत्त पशुवैद्यक व शेतकरी
सेनगाव, जि. हिंगोली