पोर्टिंग नाकारल्याचे कारण मराठीत कळवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रावेर तालुक्यातील आमच्या गावात केळीची कापणी सुरू झाली की वडिलांचा फोन दिवसभर वाजत असतो. व्यापारी, गाडीवाले, कापणी टोळीचा मुकादम, बँक, साऱ्यांकडे त्यांचा हाच एक नंबर आहे. मळ्यात रेंज मिळेनाशी झाल्याने त्यांनी नंबर तोच ठेवून कंपनी बदलायचे, म्हणजेच पोर्टिंग करायचे ठरवले, तेव्हा सिम विकणाऱ्या दुकानदाराने त्यांच्या फोनवरून १९०० वर पोर्टिंगच्या मागणीचा एसएमएस पाठवला आणि ‘हा नंबर पोर्ट होत नाही, नवीनच घ्या’ असे सांगून त्यांना परत पाठवले.

संध्याकाळी मी त्यांचा फोन पाहिला, तर नकाराचे कारण इंग्रजी एसएमएसमध्ये आलेले होते. पाण्यात भिजलेले सिम त्यांनी चारच दिवसांपूर्वी बदलून घेतले होते, आणि १ जुलै २०२४ पासूनच्या नियमाप्रमाणे सिम बदलल्यावर ७ दिवस पोर्टिंगचा कोड, म्हणजे नव्या कंपनीकडे अर्ज करताना द्यावा लागणारा कोड, मिळत नाही. भामट्याने ग्राहकाच्या नावाचे सिम काढून नंबरच पळवू नये, यासाठी हे बंधन आहे व ते योग्यच आहे. पण आठवडाभर थांबा, एवढे सांगायचे सोडून वर्षानुवर्षांचा नंबर टाकून द्यायला लावणे ही सरळ फसवणूक आहे.

आठवड्याने आठ अक्षरी कोड आला, तर दुसऱ्या केंद्रावर ‘आधी जुन्या कंपनीची परवानगी आणा’ म्हणून अडवले. वास्तविक डिसेंबर २०१९ पासून कोड देण्यापूर्वीच सध्याच्या कंपनीत ९० दिवस झाले आहेत का, पोस्टपेडचे बिल थकले आहे का, हे तपासले जाते. अट पूर्ण नसेल तर कोडच येत नाही. शिवाय आपल्याकडे हा कोड चारच दिवस चालतो, त्यामुळे एक-दोन हेलपाट्यांतच त्याची मुदत संपते. अर्ज घेतला की त्याच सर्कलमध्ये, म्हणजे दूरसंचार सेवेच्या त्याच विभागात, तीन आणि सुरतेसारख्या दुसऱ्या सर्कलमधला नंबर असेल तर पाच कामाचे दिवस लागतात. प्रीपेडची शिल्लक मात्र नव्या कंपनीत येत नाही, ती आधीच वापरून घ्यावी.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने नकाराचे कारण ग्राहकाला मराठीतही कळवण्याची सक्ती कंपन्यांवर करावी आणि प्रत्येक सिम विक्री केंद्रावर हे नियम मराठीत लावायला सांगावेत, ही मागणी आपल्या वृत्तपत्रामार्फत त्यांच्यापर्यंत पोहोचवावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, ता. रावेर, जि. जळगाव