एकट्याने शेड बांधायची तर डिझाईनही एकट्याचंच हवं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत भर थंडीत एकट्याने सॉ मिलची (ओंडके कापून फळ्या करायच्या मशीनची) शेड उभी करणाऱ्या माणसावरचा लेख वाचला. फोटो एकदम भारी, दाढीला बर्फ, मागे अर्धवट उभा सांगाडा, वगैरे. पण अख्ख्या पानात त्याची जिद्द किती आणि एकांत कसा हेच, खांब जमिनीत कसे रोवले, तुळई वर कशी चढवली, छतावर बर्फाचं वजन किती धरलं यावर अर्धी ओळसुद्धा नाही. मी लाकूड कापायचं आणि लाकडी शेड बांधायचं दोन्ही काम केलंय, त्यातलं बरंच एकट्याने, म्हणून राहवलं नाही. असा लेख वाचून उद्या कोणीतरी उत्साहाने सुरुवात करणार आणि त्याला वाटणार की हिंमत असली की झालं. हिंमत लागते हो, पण ती फार नंतर लागते. चार माणसांसाठी काढलेला नकाशा घेऊन एकटा माणूस बर्फात उतरला की तो अडकतोच, कितीही दणकट असला तरी. नकाशाच एका माणसाचा पाहिजे, माझं सगळं म्हणणं एवढंच आहे.

आधी जमीन, कारण सगळ्यात जास्त शेडी तिथेच बिघडतात आणि ते दिसतं सहा महिन्यांनी. पाणी गोठलं की साधारण ९ टक्के फुगतं हे आपण शाळेत शिकतो, पण जमीन वर उचलली जाते ती फक्त तेवढ्याने नाही. गोठणारा थर खालच्या ओल्या मातीतून पाणी वर ओढत राहतो, त्याचे बर्फाचे पातळ थर मातीत एकावर एक साचत जातात आणि ते थर खांबाला वर ढकलतात. बारीक गाळाची माती असेल तर जास्तच. म्हणून खांबाचा तळ माती जिथपर्यंत गोठते त्याच्या खाली जायला हवा, खूप थंड प्रदेशात ही खोली एक-दीड मीटर किंवा त्याहून जास्त असते, आणि खाली पाणी निचरा होईल अशी खडी हवी. आता एवढे खोल खड्डे गोठलेल्या जमिनीत एकट्याने पहारीने खणायचे म्हणजे पहार परत उसळून तुमच्याच हाताला झिणझिण्या आणते. खड्डे थंडी यायच्या आधी खणून, खांब रोवून, माती धुमसून मोकळं व्हायचं, बाकीचं काम हिवाळ्यात चालेल.

उशीर झालाच असेल तर एक गोष्ट, जी बरेच जण नेमकी उलटी करतात. जागा साफ करायची म्हणून पहिल्याच दिवशी सगळा बर्फ ओढून काढतात. अहो, तो भुसभुशीत बर्फ म्हणजे जमिनीवरची गोधडी आहे! त्याच्याखाली माती बऱ्याचदा कमी गोठलेली असते, उघडी केली की दोन रात्रींत दगड. बर्फ तसाच राहू द्यायचा, पुढे जिथे खड्डे येणार तिथे वरून पेंढ्याचा जाड थर आणि ताडपत्री टाकून ठेवायची, आणि ज्या दिवशी खणायचं त्या दिवशी तेवढीच जागा उघडायची आणि तो खड्डा त्याच दिवशी पुरा करायचा, अर्धा सोडला तर उद्या पहिल्यापासून.

काँक्रीटचं थोडक्यात सांगतो. तापमान ५ अंशांच्या खाली रेंगाळायला लागलं की काँक्रीट फार हळू पकडतं आणि ताजं असताना ते गोठलं तर त्याची ताकद जी जाते ती परत येत नाही, नंतर कितीही ऊन लागू दे. साधारण ३.५ मेगापास्कल (काँक्रीटची ताकद मोजायचं एकक) ताकद येईपर्यंत त्याला गोठू द्यायचं नसतं. म्हणजे गरम पाणी, झाकायला उबदार ब्लँकेट, आणि रात्री उठून बघणं. गोठलेल्या मातीवर तर ओतायचंच नाही, ती वितळली की खाली पोकळी. लवकर पकडावं म्हणून कॅल्शियम क्लोराईड टाकतात, पण आत लोखंडी सळ्या असतील तर ते त्यांना गंजवतं. एकट्या माणसाने हा व्याप हिवाळ्यात शक्यतो टाळावा, खडीवर रोवलेले खांब बरे.

मशीनच्या खालचा पाया आणि शेडचे खांब वेगळे ठेवायचे, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि हे कोणी सांगतच नाही. बँडसॉ मिलचा, म्हणजे पट्ट्यासारखं ब्लेड फिरवणाऱ्या मशीनचा, लांब बेड (ज्यावर ओंडका ठेवतात तो सांगाडा) एका लेव्हलमध्ये असला तरच फळी सरळ निघते. शेडचा खांब थंडीत थोडा उचलला गेला तर पत्र्याला फार फरक पडत नाही, पण बेड त्याच्याशी बांधलेला असेल तर फळी एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ, आणि तुम्ही बिचारे ब्लेडला शिव्या देत बसता. बेड वेगळ्या ठोकळ्यांवर, खाली पाचरी किंवा स्क्रू जॅक, म्हणजे हिवाळा सरला की परत पाणसळ लावून सरळ करता येतो.

आता तुळईकडे येतो. सॉ मिलच्या शेडची अडचण अशी की ओंडके आत घ्यायच्या बाजूला मध्ये खांब चालत नाही. पाच मीटरचा ओंडका आडवा लोळवत आणायचा म्हणजे तेवढी बाजू पूर्ण मोकळी पाहिजे, म्हणजे तिथे लांब आणि जाड तुळई आली. पाच मीटर लांब, १५ बाय १५ सेंटीमीटर, ओलं लाकूड घनमीटरला ७५० किलो धरलं तर ही एक तुळई ८५ किलोच्या आसपास होते. ही डोक्याच्या वर एकट्याने चढवणार? नाही चढवणार, किंवा एकदाच चढवाल. पण तीच तुळई १५ सेंटीमीटर उंच आणि ५ सेंटीमीटर जाड अशा तीन फळ्यांची केली तर एक फळी २८ किलोची. खांबाच्या आतल्या अंगाला बोल्ट मारून ठोकळा बसवायचा, त्यावर फळीचं एक टोक ठेवायचं, फळी मागे घसरू नये म्हणून वर एक उभी पट्टी आधीच ठोकलेली असायला हवी, मग शिडी हलवून दुसरं टोक. तिन्ही वर गेल्या की वरच एकमेकींना बोल्टने आवळायच्या. (बर्फाच्या वजनाला १५ सेंटीमीटर पुरेल का हे मोजावं लागतं, बहुतेक ठिकाणी उंची वाढवावीच लागेल, पण पद्धत तीच, उंची वाढवा आणि फळ्या पातळ ठेवा.) कैच्यांचंही (छताच्या त्रिकोणी सांगाड्यांचंही) तेच, अख्खी कैची खाली जोडून वर उचलायला माणसं लागतात, त्यापेक्षा एका बाजूला उतार असलेलं साधं छत करायचं, त्यात एकेक वासा सुटा जातो.

खांब उभा करताना तो ओळंब्यात धरायला दुसरा माणूस नसतो, म्हणून खांब उचलायच्या आधीच दोन बाजूंचे तिरपे टेके एकेका खिळ्यावर लटकवून ठेवायचे आणि जमिनीत त्यांच्यासाठी खुंट्या तयार पाहिजेत. हलत असलेल्या लाकडाच्या खाली स्वतः कधीच यायचं नाही, आणि जे वजन कप्पीने जातं ते खांद्याने न्यायचं नाही. शेडला तीन बाजूंनी भिंती नाहीत म्हणजे ती वाऱ्याने आडवी झुकायला मोकळीच आहे, त्यामुळे खांब आणि तुळईच्या कोपऱ्यातले तिरपे टेके कायमचे हवेत. वर आणखी एक, उघड्या शेडमध्ये वारा खालून घुसून छताला वर उचलतो, तेव्हा वासे नुसते खिळ्यांवर न सोडता लोखंडी पट्ट्यांनी तुळईला बांधायचे. बरेच लोक फक्त खाली दाबणाऱ्या वजनाचा विचार करतात.

खाली दाबणारं वजनही लहान नसतं म्हणा. ताजा भुरभुरीत बर्फ घनमीटरला ५० ते १०० किलो, पण काही दिवस बसला की २०० ते ३००, आणि त्यावर पाऊस पडून भिजला की त्याहून पुष्कळ जास्त. ६ बाय १० मीटरच्या छतावर अर्धा मीटर बसलेला बर्फ, २०० किलोच्या हिशोबाने, म्हणजे ६ टन. सहा टन! आणि तो सगळीकडे सारखा बसत नाही, वारा त्याला आडोशाच्या बाजूला नेऊन ढीग करतो, शेजारी उंच इमारत असेल तर तिच्या पायथ्याशी असलेल्या तुमच्या छतावर सगळ्यात मोठा ढीग. उतार जास्त ठेवून पत्रा टाकला तर बर्फ घसरून पडतो हे खरं, पण पडतो कुठे ते आधी बघा. वळचण ओंडके आत घ्यायच्या बाजूला ठेवली तर दर वेळी कामाच्या तोंडाशीच ढिगारा आणि तो फावड्याने उपसायला तुम्ही एकटे. उंच बाजू पुढे, उतार मागे, आणि मागे माणसाने उभं राहायचं काही काम नको.

शेड बांधायचं लाकूड त्याच मशीनवर कापायचं असतं, म्हणजे मशीन आधी उघड्यावर ताडपत्रीखाली चालवावी लागते. गोठलेला ओंडका कापणं हा वेगळाच प्रकार आहे. नेहमीचं १० अंश कोनाच्या दातांचं ब्लेड त्यात लाटा काढतं, कारण बाहेरचा ओला भाग दगडासारखा आणि आतला गाभा तितका कडक नाही असं बऱ्याचदा असतं, आणि अर्धवट वितळलेला ओंडका तर अजून वाईट. ४ अंशांचं ब्लेड आणि दातांचा फाक (दात आलटून पालटून दोन्ही बाजूंना वाकवलेले असतात तो) थोडा कमी, मग बरं चालतं. भुसा फळीवर ओला चिकटतो आणि तिथेच गोठतो, लगेच झाडला नाही तर नंतर खरवडत बसा. ब्लेडवर सोडायला साधं पाणी चालत नाही, गाडीच्या काचेसाठीचं न गोठणारं पाणी वापरतात. हिवाळ्याचा एक मोठा फायदा लेखात यायला हवा होता, ओंडके बर्फावरून ओढल्यामुळे सालीत चिखल-वाळू कमी, म्हणून ब्लेडची धार जास्त टिकते, आणि लाकडाला बुरशी किंवा कीड लागायची भीती त्या दिवसांत जवळपास नसते.

हे लाकूड ओलंच वापरायचंय, त्याची काळजी नको, लांबीत ते जवळजवळ आकसत नाही, पण रुंदीत आकसतं, २० सेंटीमीटरची फळी वाळेपर्यंत अर्धा-पाऊण सेंटीमीटर सहज कमी होते. थंडीत ते फारसं वाळतच नाही, म्हणून सगळे बोल्ट पुढच्या उन्हाळ्यात परत आवळायचे. भिंतीच्या फळ्या एकमेकींना घट्ट भिडवून, वर पट्टी न मारता लावल्या असतील तर त्या उन्हाळ्यात फटी मोजा.

कपड्यांबद्दल लोक खूप बोलतात, मी एकच सांगतो, घाम येईल इतक्या जोरात काम करायचं नाही, कारण थांबलात की तोच घाम गारठवतो, आणि सुती कपडा तर अंगावर ओलाच राहतो. खरा धोका डोक्याचा आहे. शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की विचार मंदावतो, हात वेडेवाकडे चालतात, आणि हे ज्याचं होतंय त्याला स्वतःला कळत नाही. चार माणसं असतील तर कोणीतरी म्हणतं की अरे तू अडखळतोयस, चल आत. एकट्याला ते म्हणणारं कोणी नाही. म्हणून थांबायची वेळ सकाळीच ठरवायची, घड्याळाने, वाटेल तेव्हा नाही, आणि अंधार पडायच्या आत शिडी आडवी. फोन आतल्या खिशात अंगाशी ठेवायचा, बाहेरच्या खिशात थंडीने बॅटरी बसते आणि नेमका पडल्यावर तो बंद असतो. कोणाला तरी रोज ठरलेल्या वेळी फोन करायचा, नाही आला तर त्याने बघायला यायचं असं ठरवून ठेवायचं. ड्रिलच्या लिथियम बॅटऱ्या शून्याखाली चार्ज करायच्या नाहीत, खराब होतात, त्या आत उबेत नेऊन चार्ज करायच्या.

आणि तुमच्या त्या फोटोत शेड चारी बाजूंनी ताडपत्रीने बंद केलेली आणि आत पेट्रोलचं इंजिन दिसतंय, वारा अडतो म्हणून छान वाटतं, पण बंद जागेत इंजिन चालवलं तर कार्बन मोनॉक्साईड साचतो, त्याला वास नाही रंग नाही, आणि एकटा माणूस झोप आल्यासारखा खाली बसतो तो उठत नाही. फोटो काढताना इंजिन बंद असेलही, मला माहीत नाही, पण फोटोखाली तशी एक ओळ टाकायला हवी होती. जागा कमी असेल तर माझ्या पत्रातला कपड्यांचा भाग कापा, ब्लेडचा कापा, हा परिच्छेद आणि बर्फाच्या वजनाचा तेवढा ठेवा.

लेखाचा दुसरा भाग येणार असं खाली छापलंय, तर तुमच्या प्रतिनिधीने त्या माणसाला एवढं नक्की विचारावं की ती पुढची मोठी तुळई एकसंध आहे की फळ्या जोडून केलीय, आणि मशीनचा बेड खांबांपासून वेगळा ठेवलाय का. त्याने काही वेगळी युक्ती केली असेल तर मला खरंच वाचायची आहे.

आपला,
एक नियमित वाचक